पेटीतले सहा 'नको'

सिस्टर फासे उकळायच्या. लाल प्लास्टिकचे फासे, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मोजून दहा मिनिटं. पहिल्या खेपेचे निम्मे फासे वाकले आणि काही असे झाले की कसेही टाका, चारच पडायचे. मी म्हटलं, "सिस्टर, माल नवा आहे. सीलबंद आलाय." त्या म्हणाल्या, "सीलबंद सगळंच येतं. आत कोणाचे हात लागले ते सीलवर लिहिलेलं नसतं." शेवटी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसण्यावर तडजोड झाली. पुढे कित्येक महिने माझ्या गाळ्याला दवाखान्याचा वास होता. मिठाईची खोकी न्यायला येणारे लोक आत शिरताना आपोआप आवाज खाली आणायचे.

मुलुंड पश्चिमेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, माझा खोकी बनवायचा गाळा आहे. मिठाईची खोकी, साड्यांची, अधूनमधून बुटांची. पुठ्ठा कापायचं एक मशीन, घड्या पाडायचं एक, आणि चिकटवायला, भरायला तिघी बायका. सिस्टर तिथे आल्या त्या एक दोनशे पानी वही घेऊन. निवृत्त होऊन त्यांना दीड महिना झाला होता. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ह्याच्यासाठी खोका पायजे. आणि आतलं सगळं. वाच आधी."

मी चार पानं वाचली आणि वही मिटली. उठून गाळ्याचं दार लावलं आणि मग वही पुन्हा उघडली.

नवरा-बायकोनं खेळायचा तो बैठा खेळ होता. पट म्हणजे एका वन रूम किचनचा नकाशा. सोंगट्या दारातून आत यायच्या आणि शेवटी पलंगापर्यंत पोचायच्या. मधल्या घरांत लिहिलेलं असायचं: 'पाणी आलं, एक डाव थांबा.' 'सासूबाई हॉलमध्येच झोपल्यात, चार घरं मागे.' 'शेजारणीनं बेल वाजवली, मोरीत जाऊन उभे राहा.' 'मुलं मामाकडे गेली, पुन्हा फासा टाका.' खेळाचं नाव 'घरात कोणी नाही'. ज्यानं मुंबईत संसार केलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

पत्ते तीन प्रकारचे. 'बोला' चाळीस, 'करा' तीस. 'बोला'मध्ये प्रश्न होते, 'करा'मध्ये कामं. पहिलं काम सोपं, पाच मिनिटं जोडीदाराचे पाय चेपा, मोबाइल बघायचा नाही. पुढची इथे लिहीत नाही. पेटीवर 'फक्त प्रौढांसाठी' छापलंय ते शोभेसाठी नव्हे. आणि तिसरा पत्ता 'नको'. पेटीत सहा, प्रत्येकाला तीन. पांढरा पत्ता, पुढच्या बाजूला एक शब्द, मागच्या बाजूला नियम: 'का, असं विचारायचं नाही.'

"तीन संपले तर?" मी विचारलं.

"परत उचलायचे. ते संपत नाहीत."

"मग तीन कशाला?"

"हातात धरायला काहीतरी लागतं."

सिस्टर घाटकोपरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात बत्तीस वर्षं होत्या, त्यांतली शेवटची वीस इन्चार्ज. माझी धाकटी तिथेच झाली. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. सिस्टर बाहेर गेल्या आणि मला आतपर्यंत ऐकू आलं, "आजी, मुलगी आहे. साडेतीन किलो. तोंड पाडायचं असेल तर जिन्यात जाऊन पाडा, इथे आत्ताच पुसलंय." सासूबाई जिन्यात गेल्या नाहीत. तोंडही पाडलं नाही. त्यामुळे या बाई वही घेऊन गाळ्यात आल्या तेव्हा त्यांना नाही म्हणणं मला जमण्यातलं नव्हतं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. हे सगळ्यांना आधी सुचायचं. आमच्या इमारतीतल्या एकीनं तोंडावर विचारलं, "सिस्टर, तुम्हाला हो यातलं काय माहीत?" त्या म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं निकाल बघितलेत. पेपर कसा गेला असेल ते निकालावरून कळतं."

त्या गिऱ्हाइकाला पेशंट म्हणायच्या. ऑर्डर लिहून घ्यायच्या त्या केसपेपरसारखी: वय, लग्नाला किती वर्षं, घरात माणसं किती, खोल्या किती. माणसं जास्त आणि खोल्या कमी असतील तर पेटीवर लाल टिंब करायच्या आणि ती आधी पाठवायच्या. आडून बोलणं त्यांना चालायचं नाही. छपाईसाठी मजकूर लावणारा माझा जुना माणूस, पन्नाशीचा, दोन मुलांचा बाप. त्यानं आयुष्यभर लग्नपत्रिका लावल्या होत्या. लग्नानंतरचं काही लावायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. एका शब्दाशी तो अडला. म्हणाला, "सिस्टर, इथे नुसतं 'ते' लिहू का?"

"'ते' म्हणजे काय?"

"म्हणजे... ते."

"तुझ्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकात चित्रासकट आहे. त्याला परीक्षेत पाच मार्कांना येतं. तू फुकट लाव." त्यानं लावलं, पण मान भिंतीकडे करून.

खूष असल्या की त्या मालवणीत बोलायच्या. राग आला की पुस्तकी मराठी, अगदी 'आपण' वगैरे. गाळ्यातल्या बायकांनी हे आठवड्यात ओळखलं. सिस्टर "काय गो" म्हणाल्या की कामं सैल व्हायची, "आपण जरा इकडे येता का" म्हणाल्या की कात्री खाली पडायची.

भरायच्या कामालाही त्यांची रीत होती. ऑपरेशन झाल्यावर पोट शिवायच्या आधी आतले बोळे, चिमटे मोजून घेतात. एकजण विचारते, दुसरी मोजून सांगते, आकडा जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही. तसंच इथे. सिस्टर विचारायच्या, फासे? तिघींतली थोरली, सुरेखा, म्हणायची, दोन. सोंगट्या? दोन. बोला? चाळीस. करा? तीस. नको? सहा. मग, "बंद." प्रत्येक पेटीला हे, मोठ्यानं. मला वाटलं चार दिवसांत कंटाळतील. उलट बायकांना ती चाल आवडली. मिठाईची खोकी मोजतानाही त्या एकमेकींना तसंच विचारायला लागल्या.

विकायचं कुठे, हा प्रश्न होता. दुकानदार पेटी उघडून पहिला पत्ता वाचायचे आणि मालकाला विचारून सांगतो म्हणायचे. मालक तेच असायचे. सिस्टरांनी संक्रांत गाठली. म्हणाल्या, "हळदीकुंकवाला वाण म्हणून देऊया. छोट्या पाकिटात पाच 'बोला' आणि एक 'नको'."

"वाण? सिस्टर, बायका डबे वाटतात, वाट्या वाटतात."

"तुझ्याकडे असे डबे किती झाले?"

"मोजले नाहीत."

"मग. वर्षातून एकदा नवरे असलेल्या चाळीस बायका एका खोलीत येतात आणि नवरा एकही नसतो. एवढी सोयीची ओपीडी मला कधी मिळाली नाही."

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्या चपलांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. कुमारिकेला वाण द्यायचं की नाही यावर आत कुजबुज चालली होती. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, प्रत्येक बाईच्या हातात पाकीट ठेवून "पुढची" म्हणत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एकीनं तिथेच पाकीट फोडलं आणि आधी मनात न वाचता मोठ्यानं वाचलं, "'दिवा चालू की बंद, हे तुमच्या घरी कोणी ठरवलं?'" मग सत्तरीच्या काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "आमच्याकडे लोडशेडिंगनं." त्यानंतर तासभर कोणी घरी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. "मॅडम, सोसायटीच्या हॉलमध्ये असं काही बरं नाही."

"असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे... असं."

त्यांना ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आठवड्यानं त्यांच्या बायकोनं एक पेटी मागवली.

ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या, पण उघड कोणी लिहायची नाही. कुठल्यातरी हुशार बाईनं 'मसाला' शब्द सुरू केला आणि तो भांडुप, ठाणे, डोंबिवलीपर्यंत पसरला. 'ताई, मसाला अर्धा किलो पाठवा.' म्हणजे एक पेटी. 'तिखट आहे ना?' असंही एकीनं विचारलं. मी 'मध्यम' असं उत्तर दिलं. सिस्टरांना हे लपवणं पटलं नाही, पण साड्यांच्या साध्या खोक्यात घालून पाठवायला त्या तयार झाल्या. "औषधसुद्धा पुडीतच देतात," एवढंच म्हणाल्या.

असे वर्षभरात दोनेकशे खेळ गेले. नाव झालं, गाळा चालण्याएवढं काही झालं नाही. त्याच सुमारास मिठाईवाले बाहेरून तयार छापील खोकी आणायला लागले आणि माझं निम्मं काम गेलं. तिघींपैकी एकीला कमी करायची वेळ आली होती. कोणाला, हे ठरवायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. तेव्हा अंधेरीहून बोलावणं आलं. भेटवस्तूंची बरीच दुकानं असलेला एक तिशीचा मुलगा. त्याला लग्नसराईसाठी हजार पेट्या हव्या होत्या, पहिली खेप दोनशेची.

आम्ही दोघी गेलो. काचेचं ऑफिस, मोठं टेबल. त्यानं पेटी उघडून ठेवली होती.

"आंटी, प्रॉडक्ट झकास आहे."

"सिस्टर म्हण."

"सॉरी, सिस्टर. पट एकदम मस्त. ते सासूबाईंचं तर आम्ही लोटपोट. फक्त एकच. हे 'नको' काढा. मूड बनतो आणि पत्ता येतो. गेमची वाट लागते यार. त्याजागी सहा लकी कार्ड टाकू."

सिस्टरांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"दोन वर्षं."

"तू बायकोबरोबर खेळलास?"

"हो. म्हणजे त्याशिवाय कसं..."

"तिनं 'नको' किती टाकले?"

तो हसला, मग हसणं आवरून त्यानं पेटीचं झाकण सरळ केलं. "तीन. मग उचलून परत एक."

"आधी कधी म्हणाली होती? तोंडानं?"

त्यानं टेबलावरचे 'नको' गोळा करून पेटीत परत ठेवले.

"मग तुझ्या घरी खेळ चालला," सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या. "आपण लकी कार्ड दुसरीकडून छापून घ्यावीत." 'आपण' ऐकल्यावर मी पर्स उचलली.

परतताना पवईला रिक्षा अडकली. मी रागावले होते आणि तसं बोलले. सहा कागदांसाठी हजार पेट्यांची ऑर्डर घालवली. निम्म्या बायका ते पत्ते वापरतही नसतील. सिस्टरांनी समोरच्या टँकरचा नंबर वाचला. मग म्हणाल्या, "बाळंतिणीला डॉक्टर सहा आठवडे सांगतात. नवऱ्यानं लांब राहायचं. बायका माझ्याकडे यायच्या, सिस्टर, तीन महिने लिहून द्या. मी द्यायची. शिक्का माझ्याच ताब्यात. मग त्या तीन महिने संपले की परत यायच्या. मी परत लिहून द्यायची. एक बाई होती, तिचा मुलगा दुसरीत गेला तरी येत होती."

"काय सांगायची?"

"काही नाही. 'सिस्टर, ती चिठ्ठी' म्हणायची. मारत नव्हता तो, दारू पीत नव्हता. चांगला माणूस. पण तिला नको असेल त्या दिवशी नको म्हणायला डॉक्टरचा कागद लागायचा." रिक्षा हलली. "मी रिटायर झाले तेव्हा पहिला विचार आला, आता ही चिठ्ठी कुठून आणणार? बाकी पट, फासे, सासूबाई, ते सगळं नंतर सुचलं. नुसती चिठ्ठी कोण विकत घेणार?"

मी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं मला कळलं होतं. पण ज्या बाईला कमी करायचं ती माझ्यासमोर रोज बसत होती, आणि चिठ्ठीवाली बाई मी पाहिलेली नव्हती.

गणपतीत सिस्टर कुडाळजवळच्या आपल्या घरी जायच्या, दहा-बारा दिवस. त्या गेल्या त्याच दुपारी मी अंधेरीला फोन केला आणि म्हटलं, 'नको' काढून देते. पत्ते आधीच कापून, रबर लावून ठेवलेले होते. तिघींना सांगितलं, प्रत्येक गठ्ठ्यातून सहा काढा, रद्दीच्या पोत्यात टाका. लकी कार्ड तो आपल्याकडे घालणार होता. सुरेखा अठरा वर्षं माझ्याकडे होती आणि सहसा उलट बोलायची नाही. ती म्हणाली, "सिस्टरना माहीतये?"

"सांगेन."

"बरं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सिस्टर दोन दिवस आधी परतल्या. दुपारचे साडेतीन वाजले असतील. दीडशे पेट्या बंद झाल्या होत्या. आतून बायकांचा मोजायचा आवाज येत होता, बोला? चाळीस. करा? तीस. बंद. मी वर पाहिलं तर त्या दारात उभ्या, हातात आमच्यासाठी आणलेल्या खाज्याची पिशवी.

"बंद नाही," त्या म्हणाल्या. "काउंट पुरा झालेला नाही."

मी उभी राहिले आणि जे केलं होतं ते सांगितलं. कारणासकट. सारवासारव केली नाही, त्याचा उपयोगही नव्हता. त्या चिडतील म्हणून मी 'आपण'ची वाट पाहत होते. त्या मोरीकडे गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, येऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काढलेले कुठे आहेत?"

पोतं ओतलं. दीडशे पेट्यांचे नऊशे पत्ते. त्या आणि सुरेखा सहा-सहाचे गठ्ठे लावत गेल्या. मी फोन हातात घेऊन उभी होते, तो वाजत होता, अंधेरीचाच, टेम्पो कधी पाठवू विचारायला. मी उचलला नाही.

"आठशे बावन्न," सिस्टर म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस कमी." मग माझ्याकडे बघून, "तू नेलेस?"

"मी कशाला नेऊ?"

धाकट्या दोघी खळीच्या डब्यात बघत होत्या. शेवटी सुरेखा म्हणाली, "रद्दीतच जाणार होते म्हणून घेतले. मी बारा. सहा मला, सहा जावेला."

"मी अठरा," दुसरी म्हणाली. "चाळीत दिले. मागितले त्यांनी."

तिसरीनं नुसती मान हलवली. तीही अठरा.

मला खरंच कळलं नाही. म्हटलं, "अगं, खेळ कुठे नेलात तुम्ही? नुसते पत्ते घेऊन काय करणार?"

सुरेखानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी नव्या बाईकडे बघते, खळ उलट्या बाजूला लावली की. "खेळ कशाला पायजे, ताई?"

सिस्टरांनी तिला विचारलं, "टाकलास?"

"हो."

"मग?"

"पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ह्ये काय नवीन? म्हटलं, कंपनीचं आहे, मागे नियम छापलाय, वाचा. त्यांनी उलटा करून वाचला. छापील आहे म्हटल्यावर काय बोलणार."

"मग?"

"मग काय. झोपले."

धाकट्या दोघी फिस्सकन हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. पुठ्ठ्याचा एक तुकडा ओढून त्यांनी त्यावर लिहिलं: 'आठशे बावन्न हजर. अठ्ठेचाळीस वापरात.' तो माझ्या हातात दिला. "हे कमी नाहीत. जुळलं."

फोन परत वाजला. मी तिथेच, सगळ्यांसमोर घेतला. म्हटलं, पत्त्यांसकट देते, घ्यायचं तर टेम्पो पाठवा. तो म्हणाला, मॅडम, आपलं ठरलं होतं ना. मी म्हटलं, ठरलं होतं, मी मोडतेय. तो बराच वेळ बोलत होता, वाईट बोलला नाही. टेम्पो आला नाही.

फोन ठेवल्यावर मी सिस्टरांना विचारलं, "रागावलात?"

"कशाला? पोट शिवायच्या आधी सापडलं. अशा दिवशी आम्ही चहा प्यायचो." आणि सुरेखाला म्हणाल्या, "खाजा काढ गो, मऊ पडतला."

दिवाळीनंतर मी घड्या पाडायचं मशीन विकलं आणि तिघींतल्या सर्वांत धाकटीला कमी केलं. ती आता एका केकच्या दुकानात आहे. ही गोष्ट सांगताना लोक इथे थांबतात आणि म्हणतात, पण तुम्ही योग्य तेच केलंत. त्या मुलीला कोणी विचारलेलं नाही.

सिस्टर पुढच्या वर्षी कायमच्या कुडाळला गेल्या, भावाकडे. गुडघे दुखतात, जिने नको म्हणाल्या. खेळ माझ्याकडे सोपवला, त्याचं लिहूनबिहून काही दिलं नाही. महिन्यातून एकदा फोन करतात, आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारतात, "पेट्या किती गेल्या?" मी सांगते, चार, कधी सहा, लग्नसराईत दहा.

"आणि नुसते 'नको'?"

ते आता सुटेही जातात, म्हणून वेगळे सांगावे लागतात. त्यांच्यासाठी बायका मसाल्याचं नाव घेत नाहीत, सरळ लिहितात, एवढे पाठवा. गेल्या महिन्यात कल्याणच्या एका शाळेतल्या शिक्षिकांनी शंभर मागवले. मी आकडा सांगते आणि पलीकडे वहीवर पेनाचा आवाज ऐकू येतो.